देव आला त्याच वर्षी

पुण्याहून माझा मावसभाऊ मुलाबाळांना घेऊन आला की जुने गोवे ठरलेलेच. या खेपेला त्याची नववीतली मुलगी बरोबर होती. बॉम जेझूस बासिलिका झाली, समोरचे से कॅथेड्रल झाले, आणि उन्हाने दमून आम्ही सेंट काजेतान चर्चच्या बाजूला सावलीत आलो. तिथे काही पायऱ्या चढून गेले की काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. दोन्ही बाजूंना कोरीव खांब, वर आडवा दगड, बाजूला जाळीच्या नक्षीचे तुकडे. मागे भिंत नाही, पुढे खोली नाही. आदिलशहाच्या राजवाड्याचे एवढे दारच शिल्लक राहिले आहे.

१५१० साली आल्बुकेर्कने गोवा जिंकले, आणि ज्या वाड्यात आदिलशहाची माणसे राहत होती त्याच वाड्यात पुढे १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले. नंतर साथीच्या रोगांनी शहर ओस पडले, वाडा ढासळत गेला, आणि १८२० च्या सुमारास तो पाडून त्याचे दगड पणजीच्या बांधकामांना नेले. हे मी तिला सांगत होतो. माझा धंदा घरांचे नकाशे काढायचा, त्यामुळे दगड पाहिला की माझे बोलणे लांबते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, म्हणजे गोव्यात आदिलशहाचे एवढेच उरले?"

मी म्हटले, "नाही गं. आमच्या फोंड्यात साफा मशीद आहे. अख्खी उभी आहे."

"आतून कशी आहे?"

मला उत्तर देता आले नाही. खडपाबांधला माझे घर. कॉलेजची पाच वर्षे आणि नंतर नोकरीची बारा वर्षे मी फोंडा-पणजी बसने गेलो-आलो. दर वेळी खिडकीतून ती कौलारू इमारत आणि तिच्या बाजूची तळी दिसायची. पावसात तळी तुडुंब भरलेली, मेमध्ये खाली गेलेली. मशीद गावात शिरण्याची खूण होती, ती दिसली की पिशवी खांद्याला लावून उठायचे. पण तिथे उतरावे असे एकदाही मनात आले नाही. ही गोष्ट मला त्या दारापाशी फार लागली.

घरी आल्यावर आईला सांगितले, की मी एक दिवस मशीद बघायला जाणार. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचे माहेर मंगेशीचे. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला पण ने. सगळा जन्म बसमधूनच बघितली."

कधी जावे हे मी बाजारात बांगड्यांच्या दुकानात विचारले. आईच्या बांगड्या गेली कित्येक वर्षे तिथूनच येतात, आणि दुकानदाराचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. तो म्हणाला, शुक्रवारी दुपारी येऊ नका, जुम्म्याची गर्दी असते. सकाळी दहाच्या सुमाराला या. पहाटेची फजर होऊन गेलेली असते आणि दुपारच्या जोहरला वेळ असतो. पायांतले बाहेर काढायचे, डोक्यावर काहीतरी घ्यायचे, कोणी नमाज पढत असेल तर पुढून जायचे नाही. "बाकी देवळात जाता तसेच," असे तो म्हणाला आणि आईसाठी हिरव्या बांगड्यांचा जोड बांधून दिला.

नवरात्र संपून तीन दिवस झाले होते. पाऊस गेला होता, पण जमीन अजून ओली होती. बुधवारी सकाळी आई पांढऱ्या काठाची सुती साडी नेसून, केसांत अबोलीची फाती माळून तयार. फोंड्याच्या बाजारातून पणजीच्या वाटेला दोनेक किलोमीटर गेलो की मशीद येते. रिक्षा थांबवली आणि रस्ता ओलांडला. ट्रक, बसगाड्या, हॉर्न, सगळे पाठीमागे. फाटकातून आत गेल्यावर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, कापलेली हिरवळ, आणि समोर उंच चौथऱ्यावर ती इमारत.

पहिल्यांदा मला जाणवली ती तिची ओळखीची ठेवण. मी लहानपणापासून ज्या देवळांत गेलो त्यांचीच भाषा ही इमारत बोलत होती. चिऱ्याचा चौथरा, चढायला पायऱ्या, एकच लांबट दालन, वर उतरते कौलारू छप्पर. बाहेरच्या भिंतीवर टोकदार कमानींची रांग आहे, म्हणून ती मशीद. त्या कमानी झाकून कोणी फोटो दाखवला, तर मी म्हणेन हा आमच्या अंत्रूज महालातला, म्हणजे फोंड्याकडचा, कुठलातरी जुना मठ.

गोव्यात बांधायचे तर चिऱ्यानेच, म्हणजे जांभ्याने. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वाऱ्यावर राहिला की कडक होतो. पण त्याच्या अंगात भोके असतात, पाणी धरून ठेवतो, म्हणून वर गिलावा हवा आणि डोक्यावर मोठे छप्पर हवे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. विजापूर कोरडे, तिथे आदिलशहांनी घुमटावर घुमट उभे केले, शेवटी गोल घुमट बांधला. त्याच घराण्याने इथे मशीद बांधली तेव्हा घुमट नाही, कौले चढवली. ज्याने हे ठरवले त्याला इथला जून महिना माहीत होता. माझी खात्री आहे की तो गवंडी इथलाच असणार, कदाचित महिन्यापूर्वी एखाद्या देवळाची पायरी बसवून आलेला.

चौथऱ्यावर मशिदीच्या भोवती अष्टकोनी खांबांचे बुंधे आहेत. माणसाला टेकून उभे राहता येईल एवढे काही, काही त्याहून आखूड. एकेकाळी त्यांच्यावर भोवतालची पडवी उभी असणार, आता वर आकाश. मी एका बुंध्यावर हात फिरवला. आठ बाजू, आठही कडा अजून बोटाला कळतात. चिऱ्यासारख्या भोकाळ दगडात एवढी सरळ कड काढणे सोपे नाही, हत्यार जरा जोरात पडले तर कोपराच निघून येतो. भोकांत शेवाळे बसले होते आणि एका भोकात इवलेसे नेचे उगवले होते. आईने ते बघितले, पण उपटले नाही. देवळाच्या आवारात ती असे काही दिसले की लगेच उपटते.

चौथऱ्याच्या सावलीत एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी आईकडे पाहून विचारले, "खंयच्यान आयल्यात?"

"हांगाच्योच आमी," आई म्हणाली, आणि मग तिचे नेहमीचे, "म्हजें माहेर मंगेशी."

"मगे बसात," असे म्हणून ते स्वतः उठले आणि पुढे झाले.

पुढची सगळी बोलणी कोंकणीत झाली. आम्ही घरी मराठी बोलतो, पेपर मराठी वाचतो, भजने मराठीत गातो, पण फोंड्यात बाहेर कोणी भेटला की तोंडी कोंकणीच येते. त्यांनी सांगितले, पाच वेळा नमाज होते, ईदला मात्र आवारभर माणसे असतात, लांबलांबच्या गावांतून येतात. मी आत जाऊन यायला हरकत नव्हती. आई म्हणाली, मी इथेच बसते. मी हातपाय धुतले, रुमाल डोक्याला बांधला आणि आत गेलो.

आत फार काही नाही, आणि तेच मला आवडले. चटया अंथरलेल्या, पश्चिमेच्या भिंतीत मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कमानीचा कोनाडा. मक्केची दिशा आमच्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. आत पाय ठेवताच रस्त्याचा आवाज कमी झाला. जाड भिंती काय करतात हे मी गिऱ्हाइकांना नकाशावर बोट ठेवून सांगत असतो. त्या दिवशी मी ते कानांनी अनुभवले. पाच मिनिटे मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बाहेर उन्हाचा कडाका, आत मठातल्या माठासारखा गारवा.

बाहेर आलो तर आई चौथऱ्यावरून उतरून तळीकडे निघाली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला, कारण पायऱ्यांवर शेवाळे होते.

तळीविषयी मला नीट सांगितले पाहिजे. बसमधून ती नुसती पाण्याची चौकोनी जागा दिसते. काठावर उभे राहिल्यावर कळते की मशिदीएवढेच, किंबहुना थोडे जास्तच, कसब इथे लागले आहे. चारही बाजूंनी चिरेबंदी, एकेक बाजू साधारण तीस मीटर. मी काठाने पावले मोजली, आकडा जवळपास तेवढाच भरला. पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. आणि भिंतींत, पाण्याच्या वर, ओळीने लहान लहान कमानी कोरलेल्या. त्यांना हमाम म्हणतात, म्हणजे न्हाण्याच्या छोट्या खोल्या. प्रत्येकीला वर टोक आलेली कमान, मेहराबीच्याच आकाराची. वर दालनात पश्चिमेला जी मेहराब मी नुकतीच पाहून आलो होतो, तीच पुन्हा पुन्हा इथे पाण्याला लागून होती. नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, जो माणूस खाली उतरत असेल, त्याला पाण्यात तिची सावली दिसत असेल. त्या सकाळी पाणी स्थिर होते, आणि प्रत्येक कमानीखाली तिची उलटी कमान. वरची आणि खालची मिळून बदामासारखा आकार व्हायचा. आई बराच वेळ त्याकडे बघत होती.

मी एका कमानीची उंची काढायला टेप घेतला होता. खाली उतरून लावला, पण आकडा लिहिताना लक्षात आले की वरचा टोकाचा चिरा एकच आहे, दोन तुकडे जोडून कमान केलेली नाही. तो एक चिरा दोन्हीकडून तासून मध्ये टोक काढले आहे. छोट्या कमानीला हे चालते, आणि काम लवकर होते. हा गवंड्याचा शहाणपणा. मोठी कमान करायची तर लाकडी साचा उभा करावा लागतो, त्यावर एकेक दगड रचत मधला चावीचा दगड शेवटी बसवावा लागतो. इथे पाण्याच्या काठाला साचा उभा करण्याची कटकट त्याने टाळली. मी वहीत ते चित्र काढून घेतले.

लहानपणी आम्हाला सांगायचे, या तळीत भुयार आहे आणि ते कुठल्या कुठे निघते. आईला मी विचारले, तर ती म्हणाली, "आमच्या मंगेशीच्या तळीबद्दल पण असेच सांगायचे. तळीच्या काठावरून पोरांनी लांब राहावे म्हणून." मग तिथेच वरच्या पायरीवर बसली आणि मंगेशीच्या तळीबद्दल बोलू लागली. मंगेशीच्या आवारात तळी सगळ्यांत जुनी मानतात. देऊळ नंतर वाढत गेले, पेशवाईत, १७३९ साली रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या सांगण्यावरून गाव देवस्थानाला मिळाले, त्यानंतर तर फारच. पण तळी आधीची. आई लहान असताना तिची आजी तिला पहाटे तिथे घेऊन जायची.

परत वर येऊन मी फलक वाचून दाखवला. १५६०. पत्रकांतून, पुस्तकांतून इब्राहिम आदिलशहाचे नाव येते. पण तो १५५८ ला वारला, आणि १५६० ला विजापूरच्या गादीवर त्याचा मुलगा अली होता. मला वाटते कामाला हात एकाने घातला आणि ते दुसऱ्याच्या काळात पुरे झाले. मी आईला हे सांगायला लागलो, पण तिने हात वर करून मला थांबवले.

"साल परत सांग."

"पंधराशे साठ."

"देव आला त्याच वर्षी."

मला एक क्षण कळलेच नाही. मग कळले. कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, मंगेशाचे लिंग प्रियोळला, म्हणजे आताच्या मंगेशीला, आणले ते १५६० च्या मे महिन्यात. ही गोष्ट आईने मला शेकडो वेळा सांगितली आहे. तिकडे साष्टी, म्हणजे कुठ्ठाळी ज्यात होती तो महाल, पोर्तुगिजांच्या ताब्यात, देवळे पाडली जात होती, आणि त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले. लोकांनी रात्रीच्या अंधारात देव पालखीत घातला, अघनाशिनी म्हणजे आताची झुआरी ओलांडली, आणि पलीकडे अंत्रूज महालात आले. मंगेशाच्या मागोमाग केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. एवढे सगळे देव या एका फोंड्यात का आले, याचे उत्तर मी शाळेत पाठ केले होते, "फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीत नव्हता." तर मग कोणाच्या हद्दीत होता? आदिलशहाच्या. हे वाक्य मला येत होते. पण त्याचा अर्थ मी त्या दिवसापर्यंत डोळ्यांनी बघितला नव्हता. एका बाजूला नदीवरून पालखी येत होती, आणि दुसऱ्या बाजूला इथे गवंडी तळीच्या भिंतीत कमान तासत होता. एकाच वर्षी, बारा-पंधरा किलोमीटरच्या आत.

आई म्हणाली, "पालखी घेऊन आले त्यांना वाटेत कोणीतरी पाणी दिलेच असेल ना?"

मी काही बोललो नाही. तिला काय सांगायचे होते ते मला कळले होते.

पोर्तुगिजांच्या हाती फोंडा आला तो नंतर दोनशे वर्षांनी, १७६३ साली. त्याआधी इथे लढाया झाल्या. १६७५ ला शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, १६८३ ला व्हाइसरॉयने फोंड्याला वेढा घातला तेव्हा संभाजी महाराज धावून आले आणि त्याला मागे हटवले. या परिसरात सत्तावीस मशिदी होत्या असे सांगतात. बाकीच्यांचे चौथरे नि दगड पांगले, साफा उभी राहिली. भोवतीची बाग, कारंजी पोर्तुगीज काळात गेली. एवढे मी त्या गृहस्थांशी बोलताना म्हणालो, तर ते म्हणाले, "तळी उरली ना? तळी असली की बाग परत करता येते."

साडेअकरा वाजत आले. जोहरसाठी माणसे येऊ लागली. एका तरुणाने नळाखाली हातपाय धुतले, आईला वाट दिली आणि आत गेला. आम्ही निघालो. गृहस्थ फाटकापर्यंत आले. आईने केसातल्या फातीला हात लावला, मग थांबली आणि नुसता नमस्कार केला. त्यांनीही हात छातीशी नेला.

रिक्षात मी तिला विचारले, घरी जायचे की मंगेशीला जायचे. बुधवार होता, पालखी नव्हती, सोमवारची असते. तरी ती म्हणाली, मंगेशीला. पाच-सहा किलोमीटरचा तर रस्ता.

देवळाच्या आवारात शिरताना मी वर बघितले. सात मजल्यांचा पांढरा दीपस्तंभ आणि त्याच्या मागे गाभाऱ्यावरचा घुमट. खाली अष्टकोनी बैठक, वर गोल घुमट. आयुष्यभर बघितलेला घुमट. मी उभा राहिलो. तासाभरापूर्वी मी ज्या मशिदीतून आलो, तिच्यावर कौले होती. आणि इथे देवळावर घुमट. आईला दाखवले. ती म्हणाली, "हो की. मी कधी असे बघितलेच नव्हते." आणि मग, बसायला जागा शोधत, "अरे, कुठ्ठाळीची ती जुनी जागा मला कधी दाखवतोस? देव तिथून निघाला ती?"

मी वहीत बघितले. साफाच्या तळीतल्या कमानीच्या चित्रासमोरचे पान कोरे होते.

"रविवारी जाऊ," मी म्हटले. "टेप घेऊन जाऊ."